हलू नका, तुम्ही शिपाई होताय

पाय जपून टाका. पेनसिल्वेनिया अ‍ॅव्हेन्यू हे नाव कितीही भारदस्त असलं, तरी १८६१ च्या सप्टेंबरातला वॉशिंग्टनचा हा रस्ता म्हणजे घोट्यापर्यंत धूळ, आणि पाऊस पडलाच तर घोट्यापर्यंत चिखल. उजव्या अंगानं लष्कराच्या गाड्या खडखडत चालल्यात. गाडीवान खेचरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय आणि खेचरांना त्याचं काहीच वाटत नाहीये. पलीकडच्या कालव्यातून अख्ख्या शहराची घाण वाहते; वारा तिकडून आला की रुमाल नाकाला लावायचा. लगेच दुसऱ्या झुळकेबरोबर येईल ताज्या पावाचा वास. दचकू नका. टेकडीवर अर्धवट घुमटाची ती इमारत दिसते ना, ते कॅपिटॉल, म्हणजे अमेरिकेची संसद. उत्तर-दक्षिण यादवी पेटलीय, म्हणून तिच्या तळघरात फौजेसाठी पावाच्या भट्ट्या लावल्यात. वर कायदे, खाली पाव. वॉशिंग्टनचं स्मारकही अर्धंच उभं आहे आणि त्याच्या पायथ्याशी फौजेच्या पोटात जायची गुरं चरतायत.

अंगात काय घातलंय ते पाहिलंत? गडद निळा लोकरीचा कोट, आकाशी लोकरीची विजार, कमरेला काळा चामडी पट्टा आणि त्यावर ‘यूएस’ ही अक्षरं असलेलं लंबगोल पितळी बक्कल. उन्हात ही लोकर घामानं भिजली, की भिजल्या घोंगडीसारखी वासते, आणि गळ्याशी अशी खाजते की जीव नकोसा होतो. तुम्ही एकोणीस वर्षांचे आहात. व्हर्माँटमधल्या एका शेतावरून आलात. भरती झाल्यापासून तुम्ही कवायत केलीत, खंदक खणलेत, दोनदा जुलाबानं आडवे झालात. गोळी मात्र अजून कुणावरही झाडलेली नाही. महिन्याचा पगार तेरा डॉलर, तोही हातात पडेल तेव्हा खरा. तो काल पडला. आज सुटी आहे. आणि आईला पत्रात लिहून बसलात, ‘फोटो पाठवतो’.

आधी वाटेत थोडं रेंगाळा. सगळे रेंगाळतात. सहाव्या आणि सातव्या रस्त्याच्या मधे, वरच्या मजल्यांवर मॅथ्यू ब्रेडीचं कलादालन आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरही त्याचा असाच थाट आहे. गंमत म्हणजे ब्रेडीची नजर आता अधू झालीय. कॅमेऱ्यामागं बहुतेक वेळा दुसरंच कुणी असतं, आणि वॉशिंग्टनची शाखा अलेक्झांडर गार्डनर नावाचा दाढीवाला स्कॉटिश माणूस सांभाळतो. नाव मात्र ब्रेडीचं. ब्रेडीच्या जाहिरातीचा मथितार्थ असा, की वेळ कधी टळून जाईल सांगता येत नाही, तेव्हा आत्ताच फोटो काढून घ्या. धंद्याची अक्कल म्हणतात ती हीच. लढाईवर निघालेल्या पोराला मृत्यूची आठवण करून द्यायची आणि हळूच जिना दाखवायचा.

या फोटोंपुढं गर्दी किती आहे बघा. पत्त्याच्या पानाहून जरा मोठ्या पुठ्ठ्यांवर चिकटवलेले हे फोटो पॅरिसच्या दिस्देरीच्या युक्तीनं निघतात: एकाच काचेवर आठ छब्या, मग कागदावर हव्या तितक्या प्रती. लोक ते डझनानं विकत घेतात आणि घरच्या अल्बममध्ये आत्या-मावश्यांच्या शेजारी सेनापती लावतात. हा जनरल मॅक्लेलन. एक हात कोटाच्या बटणांमधून आत खुपसलाय, नेपोलियनच्या तसबिरींत असतो तसा. वर्तमानपत्रवाले त्याला ‘तरुण नेपोलियन’ म्हणतातच. हातानं त्यावर शिक्का मारलाय. आणि हा कर्नल एल्सवर्थ. मे महिन्यात, नदीपलीकडं अलेक्झांड्रियातल्या एका हॉटेलवरचा बंडखोरांचा झेंडा उतरवून जिन्यानं खाली येताना तो हॉटेलमालकाच्या गोळीनं मेला. तेव्हापासून त्याच्या फोटोंचा खप विचारू नका. ज्यानं त्या मालकाला तिथल्या तिथं ठार केलं तो शिपाई ब्राउनेल हा इथं: हातात संगीन लावलेली बंदूक, पायाखाली तोच झेंडा. खरी घटना जिन्यावरच्या काही क्षणांत आटोपली होती. हा फोटो नंतर, सवडीनं, स्टुडिओच्या जमिनीवर झेंडा अंथरून काढलाय. देशाच्या डोक्यात मात्र हाच ब्राउनेल राहणार.

तुमच्या बाजूला उभा असलेला पोऱ्या तोंड उघडं टाकून ब्राउनेलच्या पायांकडं बघतोय. तुम्हीही बघताय. पाय कसे ठेवलेत, हनुवटी किती वर आहे. धडा सुरू झालाय.

ब्रेडीचे भाव अधिकाऱ्यांच्या खिशाचे. तुमच्यासाठी पुढच्या चौकातली अरुंद इमारत. दाराला नमुन्याचे फोटो टांगलेत. आत लाकडी जिना, तीन मजले, प्रत्येक पायरीला वेगळं कण्हणं. वर जाऊ तसा उकाडा वाढतो, कारण स्टुडिओ छपराखालीच असतो. उत्तरेकडचं छप्पर काचेचं, सगळा खेळ उजेडाचा. रांगेत पंधरावीस शिपाई आहेत. तंबाखूच्या पिचकाऱ्या पिकदाणीच्या आसपास पडतायत. माश्या. बुटांना लावलेली चरबी, घामेजलेली लोकर, आणि या सगळ्यावरून तरंगणारा एक गोडसर, डोकं हलकं करणारा वास: ईथर. खोल श्वास घेऊ नका, भोवळ येईल.

तुमच्यापुढं न्यूयॉर्कचा एक झुआव्ह उभा आहे. अल्जीरियातल्या फ्रेंच पलटणीची नक्कल म्हणून या मंडळींना लालभडक ढगळ विजारी, आखूड जाकीट आणि गोंड्याची टोपी मिळते. अख्ख्या खोलीत एवढा देखणा माणूस दुसरा नाही, आणि त्याला ते ठाऊक आहे. बिचारा. या रसायनाला निळा रंग दिसतो, लाल जवळजवळ दिसतच नाही. त्याची लालभडक विजार फोटोत काळीठिक्कर येणार, तुमची आकाशी विजार पांढुरकी. तुमच्या नाकावरचे तांबूस वांग काळे ठिपके होतील, आणि निळे डोळे इतके फिके की आई विचारेल, पोराला आजार तर नाही ना झाला?

तुमचा नंबर आला. कोपऱ्यातल्या टेबलाकडं बघा, गंमत तिथं आहे. दोन पिस्तुलं, एक लांबलचक सुरा, मूठ चमकवलेली तलवार, एक जाडजूड पुस्तक आणि दुर्बीण.

‘काय देऊ?’ बाह्या सरसावलेला मालक विचारतो. त्याची बोटं सिल्व्हर नायट्रेटनं काळी पडलीत, कोपरापर्यंत डाग आहेत.

‘माझी बंदूक आहे.’

‘ती सगळ्यांकडंच असते, बाळा. पिस्तूल घे. पट्ट्यात खोच. सुरा पण घे. त्याचे पैसे नाहीत.’

पायदळातल्या साध्या शिपायाला पिस्तूल मिळत नाही. आज सकाळपासून किती जणांच्या पट्ट्यात हे एकच पिस्तूल जाऊन आलं असेल, देव जाणे. ते भरलेलं नाही. तुम्ही हसता, नको म्हणता, मग घेता. घेतातच सगळे. दक्षिणेकडच्या पोरांचेही असेच फोटो निघतायत: छातीवर आडवा सुरा, तोंडावर वाघ मारून आल्याचा भाव. समोरासमोर बसवले तर दोन्ही बाजूंचे हे वीर एकमेकांचे मामेभाऊ वाटतील, आणि कित्येकदा ते खरंच असतात.

मागं रंगवलेला पडदा: तंबूंची रांग, एक तोफ, लांबवर डोंगर. वॉशिंग्टनजवळ असा डोंगर कुठंच नाही. उभे राहा. आणि आता मानेला जो गार स्पर्श झाला त्यानं दचकू नका. तो लोखंडी चिमटा आहे. जमिनीवर जड बैठक, त्यातून वर आलेली दांडी, आणि टोकाला तुमचं डोकं मागून धरणारे दोन लोखंडी पंजे. फोटोत तो तुमच्यामागं लपतो. क्वचित बुटांमागं त्याची बैठक दिसते, पण आई तिकडं कुठं बघणार आहे.

‘आता थांब. पत्रा ओला असतानाच काम झालं पाहिजे.’

अंधारखोलीचं दार आपटतं. आत काय चाललंय ते डोकावून बघा, एवढी सूट तुम्हाला भविष्यातून आलेले म्हणून आहे. कापसावर आम्लांचा संस्कार करून केलेला स्फोटक कापूस ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवला की मधासारखा चिकट रस होतो. (कापूस म्हटल्यावर मुंबईकराचे कान टवकारले असतील. याच लढाईमुळं इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा होणार आणि मुंबईचा कापूसबाजार पैशात लोळणार आहे. पण ते नंतर.) काळं रोगण चढवलेल्या लोखंडी पत्र्यावर मालक तो रस ओततो आणि चार कोपऱ्यांकडं असा कलता करतो, की थेंब सांडत नाही. मग सिल्व्हर नायट्रेटची अंघोळ. पत्रा दुधाळ होतो, चौकटीत बंद होतो, आणि इथून पुढं त्याच्या हाताशी जेमतेम दहा मिनिटं आहेत. रस वाळला की सगळं फुकट.

तो पळत बाहेर येतो. चौकट कॅमेऱ्यात सरकवतो.

‘माझ्या हाताकडं बघ. डोळे मिटले तरी चालतील, उघडून परत इथंच बघ. हलू नको.’

भिंगावरचं झाकण निघालं.

एक. पाठीवरून घामाचा ओघळ उतरतोय. दोन. पिस्तुलाची मूठ बरगडीत रुततेय. तीन. माशी. नाकाच्या शेंड्यावर. चार. तुम्ही दात एकमेकांवर घट्ट रोवलेत. तसे दात तुमचे धडधाकट आहेत. पुढचे दात नसलेल्याला पायदळात घेत नाहीत, कारण काडतुसाचा कागद दातांनी फाडावा लागतो. पाच. हसावंसं वाटतंय, पण इतका वेळ हसू धरून ठेवणं कुणाला जमलंय? सहा. डोळ्यांत पाणी तरळतं. सात. वर काचेवरून एक ढग सरकतो, मालक तोंडातल्या तोंडात शिवी घालतो आणि मोजणं लांबवतो. आठ. नऊ. दहा.

झाकण बसलं. श्वास सोडा.

पुढं कधीतरी लोक हा चेहरा बघून म्हणतील, काय करारी माणसं होती ती! नजरेत काय पोलाद! पोलाद होतं खरं, मानेमागं. ओठ आवळले होते माशीमुळं आणि नजर रोखली होती ती मालकाच्या डागाळलेल्या हातावर. मला वाटतं, सैनिकी करारीपणाची जी छबी आपल्या डोक्यात आहे, तिच्यातला बराचसा भाग असाच सेकंद मोजत घडलाय. त्यानं ती खोटी ठरत नाही. इतका वेळ न हलता उभं राहणं हीच तर महिनाभराच्या कवायतीची शिकवण होती.

आता मात्र पुढं या, अगदी टेबलाशी, कारण हे पाहायला सहसा मिळत नाही. छबी उमटवणारं रसायन ओतून झालंय. पत्र्यावर तुम्ही निळसर, उलटे, भुतासारखे दिसताय. मालक पत्रा सायनाइडच्या द्रावणात सोडतो (हो, तेच विष, कडू बदामाचा वास येतो म्हणतात, पण हुंगून पाहू नका), आणि दुधाचा पडदा बाजूला व्हावा तसा तो निळा थर विरघळतो. खालून एक माणूस वर येतो. आधी बक्कल, मग बटणं, मग कपाळ.

तुमच्या तोंडून आवाज फुटत नाही. हा कोण? हा गाईंचं दूध काढणारा पोरगा नाही. हा कुणीतरी आहे.

‘अक्षरं उलटी आलीत,’ तुम्ही शेवटी म्हणता. बक्कल उलटं वाचावं लागतंय, बंदूक भलत्याच हातात आहे, भांगही दुसरीकडं गेलाय.

‘सगळ्यांची येतात.’

पत्र्यावर येतं ते आरशातलं रूप. काही चलाख मंडळी पट्टा उलटा बांधून किंवा बंदूक दुसऱ्या हातात घेऊन यावर तोड काढतात. बाकी सगळी फौज डावखुरी.

स्पिरिटच्या दिव्यावर पत्रा शेकताना लव्हेंडरच्या तेलाचा वास सुटतो, ते वार्निशमधलं. मग मालक एका बारीक कुंचल्यानं तुमच्या गालांवर गुलाबी रंग फिरवतो आणि प्रत्येक बटणावर, बक्कलावर सोनेरी ठिपका देतो. जुलाबातून उठलेल्या माणसाच्या गालावर ही लाली! पितळी चौकट, मखमल लावलेली छोटी पेटी, वर कडी. नुसता फोटो पाव डॉलरात होतो, पेटीचे पैसे वेगळे. पिस्तूल तेवढं परत द्या. मागचा शिपाई हात पुढं करून उभा आहे.

आता हे शरीर काढून ठेवा आणि दुसरं घाला. दोनएक वर्षं पुढं, मिसुरीत, सेंट लुइसजवळच्या बेंटन बरॅक्स छावणीत. हिवाळा. शेगडीचा धूर डोळ्यांत जातोय. अंगावर तोच निळा कोट, तसंच बक्कल, पण हात बघा: काळे. आयुष्यभर दुसऱ्याच्या मालकीचे होते हे हात. पगारही तेरा डॉलर नाही. काळ्या शिपायाला दहा, त्यातले तीन कपड्यांचे कापून सात. १८६४ च्या जूनमध्ये संसद तो सारखा करेल, पण आज सातच. त्यातून फोटोचे पैसे काढायचे म्हणजे पोटाला चिमटा.

तुमच्या लोकांचे फोटो याआधीही निघालेत, फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं. १८५० मध्ये साउथ कॅरोलायनात अगासी नावाच्या शास्त्रज्ञानं आपला वंशसिद्धांत पटवण्यासाठी गुलामांचे कपडे उतरवून फोटो काढवले. आणि गेल्याच उन्हाळ्यात, ४ जुलैच्या ‘हार्पर्स वीकली’मध्ये एका पळून आलेल्या गुलामाची म्हणून तीन चित्रं छापून आली: फाटक्या कपड्यातला माणूस, चाबकाच्या वळांनी भरलेली उघडी पाठ, आणि गणवेशात बंदूक घेऊन उभा असलेला शिपाई. गुलामीतून सुटून तिच्याविरुद्ध बोलणारा फ्रेडरिक डग्लस या धंद्याची ताकद ओळखून होता. युद्ध ऐन सुरू असताना त्यानं बॉस्टनमध्ये चित्रांवर आणि फोटोंवर भाषण दिलं, आणि स्वतः इतक्या वेळा कॅमेऱ्यापुढं बसला की त्याचे एकशे साठच्या आसपास फोटो आज माहीत आहेत. काळा माणूस म्हणजे दात विचकणारं व्यंगचित्र, ही छबी त्याला पुसायची होती.

आज तुम्हाला कुणी कपडे उतरवायला सांगत नाही. उलट वरचं बटण लावायला सांगतात. मागं रंगवलेला झेंडा आणि तंबू. मानेला तोच गार चिमटा. तुम्ही पिस्तूल मागून घेता, आणि या वेळी तुम्हाला हसू येत नाही. व्हर्माँटच्या पोरानं उसनं शस्त्र हौसेनं घेतलं होतं. तुमच्या हातात शस्त्र असणं हा काही वर्षांपूर्वी गुन्हा होता. काचेवरच्या उजेडात तुम्ही कॅमेऱ्याच्या भिंगात सरळ बघता. गोऱ्या माणसाकडं असं रोखून बघायची सवय नाही, म्हणून भिंगाकडं.

अशा एका फोटोत, अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात तो आहे, शिपायाबरोबर त्याची बायको आणि दोन मुली बसल्यात, मुली एकसारख्या कोट-टोप्यांत. नावं कित्येक वर्षं कुणाचीच ठाऊक नव्हती. चार जणांनी एकाच वेळी श्वास रोखायचा, त्यात दोन लहान पोरी! फोटोग्राफरनं घाम गाळला असणार.

आता थोडं मागं, गेटिसबर्गला; तिथं मी तुम्हाला फार वेळ थांबवत नाही. जुलै १८६३, तीन दिवसांच्या लढाईनंतर त्या गावात हवा श्वास घेण्यासारखी राहिलेली नाही. उत्तरेच्या एका मेलेल्या सार्जंटच्या हातात काचेवरचा फोटो सापडला: तीन लहान मुलं. अंगावर ओळख पटेल असं दुसरं काहीच नाही. वर्तमानपत्रांत त्या वेळी फोटो छापता येत नव्हता, म्हणून बातमीत मुलांचं नुसतं वर्णन दिलं: किती वर्षांची, कुणाचे कपडे कसे. न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल गावी एका बाईनं ते वाचलं आणि तिला कळलं की आपण विधवा झालोय. नवऱ्याचं नाव एमस ह्यूमिस्टन. पट्ट्यावरच्या पितळी अक्षरांनी तो कुठल्या फौजेचा ते सांगितलं होतं. तो कोण होता ते फोटोतल्या फ्रँक, अ‍ॅलिस आणि फ्रेडरिकनं सांगितलं.

शेवटचा मुक्काम व्हर्जिनियात, कोल्ड हार्बर. जून १८६४. चिलटं, पाइनच्या चिकाचा उग्र वास, आणि जवळच्या मैदानावरून येणारा जो वास आहे त्याबद्दल न बोललेलं बरं. तंबूपुढं एका झाडाला हात टेकून एक मध्यम उंचीचा माणूस उभा आहे. कोट चुरगाळलेला, बटणं उघडी, बूट धुळीनं माखलेले. ना तलवार, ना कोटात खुपसलेला हात. हा युलिसिस ग्रँट, उत्तरेच्या सगळ्या फौजांचा सेनापती. तुम्ही पाव डॉलर देऊन पिस्तूल, सुरा, तोफ आणि डोंगर गोळा केलेत, आणि ज्याच्या शब्दावर लाखो माणसं चालतात तो अंगावरची धूळ झटकायची तसदी घेत नाही. मला विचाराल तर ताकदीची ही छबी मॅक्लेलनच्या छबीहून कितीतरी वरचढ आहे, आणि ग्रँटला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. झाडावर टेकवलेल्या हाताचा आणखी एक फायदा: मानेला चिमटा लागत नाही.

ब्रेडीच्या माणसानं झाकण काढलं, मोजलं, लावलं. आता वाट सोडा, लवकर! मदतनीस ओला पत्रा, चुकलो, इथं काच वापरतात, ओली काच छातीशी धरून सुटलाय त्या काळ्या कापडानं झाकलेल्या गाडीकडं, जिला शिपाई ‘हे-काय-आहे’ म्हणतात. आत जीवघेणा उकाडा असेल, ईथर उकळायच्या बेतात असेल. तुमचा पाय त्याच्या वाटेत आला तर तो सेनापतीसमोरसुद्धा शिवी हासडेल, आणि सेनापती त्यालाच बरोबर म्हणेल.